बोलता न येणाऱ्यांचं बोलणं : संवाद-तक्त्यांविषयी वाचकांचे प्रश्न

चित्र, शब्द किंवा अक्षर यांच्यावर बोट किंवा नजर ठेवून आपलं म्हणणं सांगायचं साधन, म्हणजे संवाद-तक्ता. त्याविषयी आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. उत्तरं वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपीत काम करणाऱ्या आमच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझम आहे. ‘आई’ आणि ‘जा’ एवढेच शब्द. थेरपिस्टनी चित्रांचा तक्ता दिला. त्यावर तो फक्त बिस्किटाला बोट लावतो. ‘केळं दाखव बघू’ म्हटलं की तक्ता भिरकावतो. सासूबाई म्हणतात, चित्रांची सवय लागली तर पोरगं तोंडच उघडणार नाही. तक्ता बंद करू का? – एक आई, नाशिक

बंद करू नका. सासूबाईंची शंका जवळजवळ प्रत्येक घरात निघते, म्हणून आधी तिचं उत्तर. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या अमेरिकी संशोधकांनी या विषयावरचे तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या ज्या २७ व्यक्तींची नोंद काटेकोर होती, त्यांपैकी एकाचंही बोलणं तक्ता, खुणा किंवा यंत्र वापरल्यामुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. ‘थोडंफार’ हा शब्दही लक्षात असू द्या. तक्ता म्हणजे बोलणं आणायचं औषध नव्हे. बोलणं येईल तेव्हा येईल, तोवर मुलाला आज काहीतरी सांगता यावं यासाठी तो आहे.

आता भिरकावण्याचं. ‘केळं दाखव’ हा संवाद नाही, ती तोंडी परीक्षा झाली. केळं समोर आहे, तुम्हालाही दिसतंय, त्यालाही दिसतंय, मग दाखवायचं कशाला? तक्ता पुढे आला की परीक्षा सुरू, हे मुलाला दोन-चार दिवसांत कळतं. भिरकावून तो ‘नको’ म्हणतोय. तुमच्या तक्त्यावर ‘नको’चं घर आहे का? पत्रासोबतच्या फोटोत बिस्किट, केळं, दूध, चेंडू, गाडी, पंखा अशी सोळा चित्रं दिसतात, सगळी वस्तूंची. वस्तूंच्या तक्त्यावर फक्त मागता येतं. थांबवता येत नाही, बोलावता येत नाही, तक्रार करता येत नाही, आणि मागायचं ते मिळालं की बोलायला काही उरतच नाही.

आम्ही पहिला तक्ता असा करायला सांगतो. ए-फोर कागद आडवा, कडेने १ सेंमी मोकळी जागा, आत ६ × ४ अशी २४ घरं. प्रत्येक घर साधारण साडेचार सेंमीचं होतं, आणि ते मुलाच्या बोटाला पुरतं. घरांत हे शब्द : मी, तू, हे, काय, कुठे, पाहिजे, नको, दे, घे, जा, ये, बघ, थांब, उघड, कर, मदत, अजून, संपलं, आवडतं, दुखतंय, बाहेर, परत, छान, राग आला. यात एकही खाऊ नाही, आणि ते मुद्दाम. रोजच्या बोलण्याचा मोठा हिस्सा अशा दोन-चारशे शब्दांवरच चालतो. ‘उघड’ हा एकच शब्द डब्याला, दाराला, नळाला आणि पुस्तकाला चालतो. वस्तू लागतातच, पण त्या मागच्या पानांवर घ्या : एक पान जेवणाचं, एक अंघोळीचं, एक घरातल्या माणसांच्या फोटोंचं.

क्रियापदं ‘दे’, ‘जा’, ‘बघ’ अशी साधीच ठेवा. मुलाने ‘दूध’, ‘पाहिजे’ अशी बोटं लावली की तुम्ही पूर्ण वाक्य बोला : ‘मला दूध पाहिजे. बरं, देते.’ त्याच्याकडून पूर्ण वाक्य करून घ्यायला जाऊ नका. घरांना फिकट रंग द्या. माणसं पिवळी, क्रिया हिरव्या, वर्णनाचे शब्द निळे, वस्तू केशरी ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. दुसरी वापरलीत तरी हरकत नाही, मात्र एकदा ठरवली की बदलू नका. घरांच्या जागांचंही तसंच. काही आठवड्यांनी मूल चित्र न बघता हाताच्या सवयीने घर गाठतं. अशा वेळी तुम्ही ‘नीटनेटकं’ करायला म्हणून ‘नको’ उजवीकडून डावीकडे नेलंत, की ती सवय गेली. तक्ता वाढवायचा असेल तर नवी घरं जोडा, जुनी हलवू नका.

चित्रं काढत बसायची गरज नाही. स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारने ‘आरासाक’ हा चित्रसंग्रह सर्वांसाठी खुला ठेवला आहे. चित्रं सेर्खियो पालाओ यांची आहेत आणि बिगर-व्यापारी वापराला मोफत आहेत. फक्त पोळीच्या जागी पावाचा तुकडा आणि वरणभाताच्या जागी सूपचा वाडगा छापू नका. तिथे आपल्याच ताटाचा वरून काढलेला फोटो लावा. चित्राच्या वर शब्द मोठ्या, ठळक अक्षरात लिहा. वर अशासाठी, की बोट ठेवल्यावर तो हाताखाली झाकला जात नाही.

लॅमिनेशन १२५ मायक्रॉनचं घ्या. झेरॉक्सच्या दुकानात सहसा चकचकीत फिल्मच लावतात, आणि ट्यूबलाइटखाली अर्धी घरं दिसेनाशी होतात. मॅट फिल्म मागून घ्या. कापताना कागदाबाहेर पाव इंच प्लास्टिक सोडायला सांगा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात कडेने पाणी शिरतं. एकदम तीन प्रती करा : एक स्वयंपाकघरात फ्रिजवर, एक त्याच्या खेळण्यांजवळ, एक पिशवीत. कपाटातला तक्ता म्हणजे कपाटातला आवाज.

यापुढचं काम मुलाचं नाही, तुमचं आहे. पहिले काही आठवडे तक्ता मोठ्यांनी वापरायचा. बाटलीचं झाकण काढताना म्हणा ‘उघड’ आणि ‘उघड’वर बोट ठेवा. खिचडी वाढताना ‘अजून?’ म्हणत ‘अजून’वर ठेवा. कुकरची शिट्टी झाली की ‘थांब’, ताट रिकामं झालं की ‘संपलं’. वाक्यातला एखादाच शब्द दाखवायचा, सगळे नाहीत. दिवसातले दोनच प्रसंग धरा, उदाहरणार्थ अंघोळ आणि संध्याकाळचं खाणं, आणि तेवढ्यात मनापासून करा. मूल पाळण्यात असताना आपण त्याच्याशी वर्षभर बोलतो, तेव्हा कुठे ते पहिला शब्द बोलतं. तक्त्याची भाषा मात्र त्याने कुणी दाखवल्याशिवाय पंधरा दिवसांत शिकावी, ही अपेक्षा गैर आहे.

एवढं करूनही जिथे गाडी अडते ती जागा म्हणजे वाट पाहणं. प्रश्न विचारून झाल्यावर तोंड मिटून मनात दहा आकडे मोजा. त्या वेळात प्रश्न पुन्हा विचारू नका. पुन्हा विचारलात की मूल पहिल्या शब्दापासून पुन्हा ऐकायला लागतं. त्याचा हात धरून घरावर नेऊ नका. आणि त्याने ‘मोबाइल’ मागितला, तुम्हाला द्यायचा नाही, तर तक्ता उचलून ठेवू नका. ‘मोबाइल पाहिजे, कळलं. आत्ता नाही, जेवण झाल्यावर,’ असं सांगा. नकार मिळाला तरी म्हणणं पोचलं, हे त्याला कळायला हवं.

बिस्किटाला बोट लावताना तो तुमच्याकडे पाहतो का, हे एकदा बघा. कुणी नसतानाही तो चित्राला टोचत बसत असेल, तर ‘सांगायचं ते कुणाला तरी सांगायचं’ ही पायरी अजून आलेली नाही. अशा मुलांसाठी चित्र हातात देण्याची पद्धत उपयोगी पडते. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती १९८५ मध्ये अमेरिकेत बसवली. तिला ‘पेक्स’ म्हणतात आणि तिचे सहा टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यालाच मोठी दोन माणसं लागतात. एक समोर आवडीची वस्तू घेऊन बसतं, दुसरं मुलाच्या पाठीमागून त्याचा हात कार्ड उचलून समोरच्याला द्यायला मदत करतं आणि दर वेळी ती मदत कमी करत नेतं. मागचं माणूस एक शब्दही बोलत नाही. समोरचंही ‘काय हवं?’ विचारत नाही, कारण विचारलं तर मूल विचारण्याचीच वाट बघायला शिकतं. वर हात धरू नका म्हटलं आणि इथे धरायला सांगतोय, असं वाटेल. फरक असा की इथे मूल आधी स्वतः वस्तूकडे झेपावतं, म्हणजे काय हवं ते त्यानेच ठरवलेलं असतं. हे थेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष बघून घ्या. वाचून करायला गेलं तर बहुतेक वेळा मागच्या माणसाचीच चूक होते.

वडील ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. तीन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू कमजोर आहे, तोंडातून एकच ‘तेच ते, तेच ते’ निघतं. आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, म्हणून मुळाक्षरांचा तक्ता करून दिला. पण साधं ‘पाणी’सुद्धा जुळवत नाहीत, चिडतात. डोक्यावर परिणाम झालाय का? – मुलगा, सांगली

बुद्धी गेली, असा याचा अर्थ नाही. तुम्ही लिहिता त्यावरून हा अफेझिया दिसतो. मेंदूच्या डाव्या भागातली भाषेची यंत्रणाच दुखावली की बोलण्याबरोबर लिहिणं-वाचणंही जातं, आणि ऐकलेलं समजण्यातही कमी-जास्त अडचण येते. शब्द जुळवण्याचं कामच मोडलंय, त्यामुळे अक्षरं समोर ठेवून उपयोग नाही. ज्यांची फक्त जीभ-ओठ वळत नाहीत पण भाषा शाबूत आहे, त्यांना अक्षरतक्ता लागू पडतो. दोन्हींत ‘बोलता येत नाही’ एवढंच वरून दिसतं, आणि अनेक घरांत इथेच गल्लत होते. नेमकं काय आहे ते वाचा-उपचारतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

वडिलांना अक्षरांऐवजी पर्याय द्या. पाटीवर जाड पेनाने दोन-तीन शब्द एकाखाली एक लिहा : ‘चहा’, ‘दूध’, शेवटी ‘दुसरंच काही’. प्रत्येक शब्द वाचून दाखवा आणि त्यांना डाव्या हाताने बोट ठेवू द्या. ‘दुसरंच काही’ विसरू नका, नाहीतर ते तुमच्या अंदाजांत अडकतात. एका पानावर सहा ते आठच गोष्टी घ्या : घरच्यांचे फोटो नावांसह, गावाचा नकाशा, कॅलेंडर, पैशांचं पान, शरीराची बाह्याकृती. बालवाडीची रंगीत चित्रं नकोत. अशा तक्त्याला ते हात लावत नसतील, तर त्यामागे आजार नसून स्वाभिमान असण्याचीच शक्यता जास्त.

दोन गोष्टी तपासा. डाव्या मेंदूच्या झटक्यात काहींना दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचं दिसत नाही. ताटातलं उजव्या बाजूचं अन्न तसंच राहतं का, ते बघा. तसं असेल तर तक्ता डाव्या हाताला सरकवा. दुसरं, त्यांच्या ‘हो’वर लगेच भरवसा ठेवू नका. अफेझियात ‘नाही’ म्हणायचं असताना ‘हो’ निघून जातं. ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन मोठी कार्डं, अंगठा वर आणि अंगठा खाली या चित्रांसकट, जवळ ठेवा. प्रत्येक गोष्ट उलटून विचारा : ‘म्हणजे डॉक्टरांकडे जायचं, असं?’ आणि मग ‘की जायचं नाही?’ दोन्हीला ‘हो’ आलं तर तिथेच थांबा, थोड्या वेळाने पुन्हा घ्या.

पत्नीला मोटर न्यूरॉनचा आजार आहे. हात आणि वाचा गेली, बुद्धी तल्लख आहे. नजरेवर चालणारं यंत्र परवडत नाही. मराठीतून अक्षरांचा तक्ता घरी करता येईल का? – पुण्याचे एक वाचक

येईल, आणि यंत्र असलेल्या घरातही तो लागतोच. श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर, १९८५ मध्ये, स्टीफन हॉकिंग यांच्याकडे काही काळ एवढंच साधन होतं. दुसऱ्याने कार्डावरच्या अक्षरांवर बोट फिरवायचं आणि हव्या त्या अक्षराला त्यांनी भुवया उंचवायच्या.

आधी अक्षरं कमी करू. इ-ई आणि उ-ऊ यांचं एकेकच घर ठेवा. ङ, ञ, ष, क्ष, ज्ञ गाळा. काना-मात्रेसाठी वेगळी चिन्हं नकोत, मात्रेच्या जागी पुढे स्वरच सांगायचा. जोडाक्षरात पाय मोडायचा नाही. अशी चाळीस घरं उरतात, आणि त्यांच्या नऊ ओळी होतात :

१. अ आ इ उ
२. ए ऐ ओ औ अनुस्वार
३. क ख ग घ
४. च छ ज झ
५. ट ठ ड ढ ण
६. त थ द ध न
७. प फ ब भ म
८. य र ल व
९. श स ह ळ

‘पाठ’ सांगायचं असेल तर प, आ, ठ. तुम्ही ओळींचे आकडे एका लयीत म्हणत जा : एक, दोन, तीन… ‘सात’ला त्यांनी खूण केली की त्या ओळीतली अक्षरं म्हणा : प. खूण. प मिळाला, लगेच कागदावर लिहा. आ पहिल्या ओळीत दुसरा, ठ पाचव्या ओळीत दुसरा. ‘पाठ’ झालं की विचारा : ‘पाठ. दुखतेय? खाजतेय? कूस बदलू?’ शब्द अर्ध्यात ओळखू आला तर बोला, पण त्यांच्या खुणेशिवाय पुढे जाऊ नका. मधेच तोडून चुकीचा शब्द भरणारा मदतनीस दमवतो, हे असे तक्ते वापरणारे लोक वारंवार सांगतात. काहींना अंदाज केलेले मुळीच आवडत नाहीत. त्यांना आधीच विचारून घ्या.

इंग्रजीत जास्त लागणारी अक्षरं आधी ठेवून तक्ता मांडायची रीत आहे. मराठीत आम्ही ती वापरत नाही. शाळेत गेलेल्या माणसाला वर्ग पाठ असतात, हवं अक्षर कुठे आहे ते शोधावं लागत नाही. काही महिन्यांनी तर कागदही लागत नाही. रात्री दिवा न लावता निव्वळ बोलून ओळी म्हणायच्या, फक्त खूण दिसेल एवढा उजेड हवा.

खूण कोणती, हे नीट ठरवा. साधी पापणी मिटणं नको, ती आपोआप मिटतच असते. ‘हो’साठी नजर छताकडे, ‘नाही’साठी दोन सेकंद डोळे बंद, असं काहीतरी ठरवा. मानेवर विसंबू नका. आजारात मान लवकर थकते, आणि आपल्याकडचं ते होकार-नकाराच्या मधलं मान डोलावणं धडधाकट माणसाचंही कळत नाही. ठरलेली खूण पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, म्हणजे रात्रीच्या बाईंना विचारावं लागणार नाही.

नजर चांगली फिरत असेल तर पारदर्शक तक्ता जास्त वेगाने चालतो. ३ मिमी जाडीचं पारदर्शक ॲक्रिलिक, साधारण ६० × ४५ सेंमी. मधोमध २० × १५ सेंमीची खिडकी कापून घ्या, कडा घासून घ्या. चार कोपरे आणि चार कडांचे मध्य मिळून आठ जागा. प्रत्येक जागी पाच अक्षरं, म्हणजे बरोबर चाळीस : ‘अ आ इ उ ए’, ‘ऐ ओ औ अनुस्वार ळ’, ‘क ख ग घ ह’, ‘च छ ज झ श’, मग ट, त आणि प हे वर्ग, शेवटी ‘य र ल व स’. अक्षराची उंची निदान अडीच सेंमी. प्रत्येक गटातली पाच अक्षरं लाल, निळा, हिरवा, काळा, केशरी या क्रमाने रंगवा आणि आठांपैकी पाच जागांच्या बाहेरच्या कडेला याच रंगांचा एकेक ठिपका लावा. पहिली नजर गटाकडे, मग खिडकीतून तुमच्याकडे, दुसरी नजर रंगाच्या ठिपक्याकडे. तुम्ही पलीकडे बसता, तुम्हाला सगळं उलटं दिसतं, म्हणून तुमच्या बाजूने प्रत्येक जागी तीच अक्षरं छोट्या स्टिकरवर लावा.

तक्ता त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर धरा. तुमच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर त्यांना नुसती झगझग दिसते, आणि त्यांच्या पाठीमागे असेल तर तुम्हाला त्यांची बुबुळं दिसत नाहीत. उजेड बाजूने हवा.

आणखी एक, जे हटकून राहून जातं. तक्त्याने बोलता येतं, हाक मारता येत नाही. शेजारच्या खोलीतून तुम्हाला बोलावायचं कसं? बाजारात मिळणारी बिनतारी डोअरबेल घ्या. तिच्या बटणाला इलेक्ट्रिशियनकडून मोठी, हलक्या दाबाची कळ जोडून घ्या आणि ती गुडघा, अंगठा, गाल, जे काही अजून हलतं तिथे बसवा. आजार पुढे जाईल तशी कळीची जागा बदलावी लागते. दर महिन्याला तपासा.

अतिदक्षता विभागात नर्स आहे. श्वासनळीत नळी असलेले पेशंट हातवारे करतात, आम्हाला कळत नाही, ते नळी ओढायला जातात. एकच तक्ता सगळ्यांना चालेल का? – ठाणे

चालेल. ए-फोरच्या एका बाजूला बारा घरं, अक्षरं लांबून वाचता येतील एवढी : दुखतंय, श्वास लागतोय, कफ काढा, तहान, कूस बदला, गरम/थंडी, शी-शू, झोप येत नाही, भीती वाटते, घरचे कुठे, नळी कधी काढणार, वेगळंच काही. मागच्या बाजूला शरीराची बाह्याकृती पुढून-मागून, ० ते १० वेदनापट्टी, आणि खाली मुळाक्षरं. ‘भीती वाटते’ आणि ‘नळी कधी काढणार’ ही दोन घरं आपल्याकडच्या तक्त्यांवर सहसा नसतात. पेशंटला मात्र बहुतेक वेळा तेच विचारायचं असतं.

तक्ता द्यायच्या आधी चष्मा आणि श्रवणयंत्र लावा. दोन्ही बहुधा नातेवाइकांच्या पिशवीत गेलेली असतात. हात बांधलेला असेल तर कुणी समोर असेपर्यंत तुमच्या नियमांप्रमाणे मोकळा करा. पेशंट गोंधळलेला असेल तर बारा घरं दाखवू नका, बाकीची झाकून दोनच समोर ठेवा. प्रत्येक पेशंटनंतर पुसता येईल असं जाड लॅमिनेशन हवं. तक्ता पलंगाला दोरीने बांधा, नाहीतर तो शिफ्ट बदलताना फाइलखाली जातो.

भाचा १४ वर्षांचा आहे, बोलत नाही. एका केंद्रात ताई त्याचं मनगट धरतात आणि तो अक्षरतक्त्यावर मोठमोठी वाक्यं, कवितासुद्धा लिहितो. घरी आम्ही धरलं तर एक शब्द येत नाही. असं का? – रत्नागिरी

याचं सर्वांत संभाव्य कारण असं, की वाक्यं ताईंची आहेत, आणि ते त्यांनाही जाणवत नसेल. हात, कोपर किंवा खांदा धरून लिहून घेण्याच्या या पद्धतीच्या १९९०च्या दशकात काटेकोर चाचण्या झाल्या. धरणाऱ्याला एक चित्र आणि मुलाला दुसरं दाखवलं, तर उत्तर धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं यायचं. हात न धरता तक्ताच मुलापुढे हवेत धरतात त्या पद्धतीतही संशयाला तेवढीच जागा राहते, कारण तक्ता नकळत बोटाकडे सरकतो. अमेरिकेतल्या वाचा-उपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, आशाने, २०१८ साली या दोन्ही पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे.

घरी साधी परीक्षा करता येते. ताई खोलीबाहेर असताना भाच्याला एखादी वस्तू दाखवा, पिशवीत ठेवा, मग ताईंना बोलावून ‘पिशवीत काय आहे’ विचारा. पाच-सहा वस्तू अशा घ्या. ताईंवर आरोप म्हणून करू नका, भाच्यासाठी करा. दुसऱ्याची वाक्यं त्याच्या नावावर जात असतील तर त्याचं खरं म्हणणं कुणी विचारतच नाही, आणि उपचार, शाळा, कुणाकडे राहायचं, हे निर्णयही त्या वाक्यांवर होऊ लागतात.

आधार देणं वेगळं. खुर्ची नीट करा, पाय टेकवा, कोपर टेबलावर ठेवा, तक्ता स्टँडवर घट्ट बसवा. बोट घसरत असेल तर घरांच्या मापाची भोकं कापलेली ॲक्रिलिकची जाळी वर लावा. हे सगळं हवंच, फक्त मनगट मोकळं. मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. एका बोटाने स्वतः टाइप करत त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या. वेग कमी होता, पण अक्षर न् अक्षर त्यांचं होतं. भाच्याने स्वतःच्या बोटाने चार चित्रं दाखवली, तरी कवितेपेक्षा ती जास्त मोलाची.

नात न्यू जर्सीत शाळेत इंग्रजी तक्ता वापरते. आम्ही घरी मराठी बोलतो. दोन भाषांनी तिचा गोंधळ होईल का? – एक आजी

नाही. तोच तक्ता, तीच चित्रं, त्याच जागा ठेवा, आणि शाळेच्या प्रतीवर वर इंग्रजी, घरच्या प्रतीवर वर मराठी लिहा. घरच्या तक्त्यात तुमच्या घरचे शब्द हवेतच : आजी, आजोबा, देवघर, पोहे, लाड. शाळेच्या तक्त्यात ते कुणी घालणार नाही.

कागद की मोबाइल ॲप? – म्हापसा, गोवा

दोन्ही. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ ॲप मोफत आहे आणि मराठी बोलतं. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ही भारतात बरंच वापरलं जातं. ॲपचा फायदा असा, की पाठ वळवलेल्या माणसालाही ऐकू जातं. पण उन्हात पडदा दिसत नाही, पावसाळ्यात बाहेर काढवत नाही, चार्जिंग संपतं, आणि मुलाला त्याच फोनवर व्हिडिओ बघायची सवय असेल तर ॲप उघडं राहतच नाही. जमलं तर बोलण्यासाठी वेगळा जुना फोन किंवा टॅब ठेवा आणि त्यात एकच ॲप उघडं राहील असं लॉक लावा. ॲपच्या मुख्य पडद्याची प्रिंट काढून तीच कागदी प्रत म्हणून वापरा, म्हणजे जागा बदलत नाहीत.

मुलगी तिसरीत आहे. शाळेत बाई म्हणतात, तास चालू असताना तक्ता दप्तरात ठेवा, बाकीच्यांचं लक्ष जातं. – अमरावती

बाईंना सांगा की बाकीची मुलं तासाला तोंड घरी ठेवून येत नाहीत. एवढं तोडून म्हणायचं नसेल तर कायदा दाखवा. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये ‘संवादा’च्या व्याख्येतच अशी पूरक आणि पर्यायी साधनं येतात, आणि कलम १७ मध्ये वाचा व भाषेच्या अडचणी असलेल्यांसाठी त्यांच्या वापराला चालना द्यायला सांगितलं आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, थेरपिस्टचं पत्र जोडा आणि पोच घ्या.

लक्ष जाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे, तो सोडवता येतो. तक्त्याची एक प्रत बाकाला चिकटवून टाका. उचलाउचल थांबली की कुतूहल आठवडाभरात संपतं. दुसरी मोठी, ए-थ्री आकाराची प्रत फळ्याशेजारी लावा आणि बाईंनाच रोज दोन-तीन शब्द त्यावरून दाखवायला सांगा. मैदानासाठी आठ-दहा घरांचा छोटा तक्ता ओळखपत्राच्या पट्ट्यात घालून गळ्यात द्या. पट्टा ओढल्यावर सुटणारा घ्या, घसरगुंडीत अडकायला नको. त्यावर ‘माझी पाळी’, ‘ढकलू नको’ आणि ‘मला पण’ ही घरं आधी घाला. शी-शूचं घर बाईंनी सुचवलेलं असेलच, ते शेवटी घातलं तरी चालेल.